७२ तासांचा हिशेब

रोग्याला टोंचलेली सुई चुकून आपल्या बोटांत शिरली, अथवा निरोध न वापरतां संबंध घडला, म्हणजे मनुष्य प्रथम घाबरतो आणि मग लपवितो. दवाखान्यांत कामाला असलेला माझा एक जुना विद्यार्थी असाच दीड दिवस गप्प बसून माझ्याकडे आला. मी गणिताचा मास्तर. त्याला तासच मोजून दाखविले.

एच.आय.व्ही.च्या प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आंत सुरू व्हाव्या लागतात. २ तासांत झाल्या तर उत्तम. पुढें विषाणु शरीरांत ठाण मांडतो व त्या गोळ्यांचा उपयोग राहत नाहीं. जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें धुवावी. बोट पिळूं नये, तोंडांत तर मुळींच घालूं नये. (ही खोड केवळ बालकांची नव्हे!) मग तडक सरकारी रुग्णालय गांठावें. रक्त तपासणीस द्यावें, पण पहिल्या गोळीसाठीं अहवालाची वाट पाहूं नये. गोळ्या २८ दिवस अखंड घ्याव्या, तोंवर आणि पुढील तपासण्या संपेपर्यंत निरोध वापरावा. गुप्ततेविषयीं म्हणाल, तर ती २०१७ च्या कायद्यानेंच बंधनकारक केली आहे.

त्या रात्रीं आम्ही दोघे रिक्षानें गेलों. त्यानें पहिली गोळी घेतली तेव्हां ३९ वा तास चालू होता.