आईने आखलेला दिवस



संयोजकांचा निरोप होता, 'परदेशातल्या एखाद्या अनुभवावर पाच-सात मिनिटं बोल.' मी एकाच दिवसाबद्दल बोलणार आहे. तो दिवस मी आईबरोबर जपानमधल्या क्योतो शहरात घालवला.

ऑफिसच्या कामासाठी मला ओसाकाला जायचं होतं. या वेळी आईलाही बरोबर न्यायचं ठरवलं. क्योतो तिथून रेल्वेने जवळ. 794 पासून 1868 पर्यंत, म्हणजे हजारावर वर्षं, हे शहर जपानची राजधानी होतं. बघायला एवढं आहे की आठवडाही पुरणार नाही. आमच्याकडे एकच दिवस होता. म्हणून फक्त आपल्यासाठी आठ तास बरोबर राहणारी, आपल्या सोयीने दिवस आखून देणारी गाईड ठरवली.

मी लगेच एक्सेलमध्ये यादी केली. सोनेरी किंकाकुजी, हजारो लाल कमानींचा फुशिमी इनारीचा डोंगर, 13 मीटर उंच लाकडी सज्जाचं कियोमिझुदेरा... आठ तासांत नऊ ठिकाणं! प्रत्येकासमोर मिनिटं मांडलेली. तुम्ही हसताय, कारण शाळेतही माझं वेळापत्रक असंच असायचं.

गाईडबाईंचं उत्तर आलं. त्यांनी यादीवर काही न बोलता तीन प्रश्न विचारले. आई सलग किती वेळ चालू शकतात? मासे अजिबात चालत नाहीत का? कारण तिथल्या बहुतेक सूपांचा आधार असलेल्या 'दाशी'त सुकवलेला मासा असतो. तिसरा प्रश्न, आईंना कशाची आवड आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी दिली. आईचं वय 74, गुडघे दुखरे, पायऱ्या नकोत. घरात शुद्ध शाकाहार. तिसऱ्या प्रश्नाला मी 'मंदिरं, बागा' असं लिहिलं आणि थांबले. गेली वीस वर्षं मी ऑफिसात नव्या मुलांना सांगते, वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय एक ओळ कोड लिहू नका. इथे मात्र आईला न विचारता मी तिचा अख्खा दिवस बांधून टाकला होता.

तिला विचारलं. "मला काय विचारतेस? तू नेशील तिकडे," एवढंच म्हणाली. दोन दिवसांनी भाजी निवडताना खाली बघूनच बोलली, "तिकडं रेशीम असतं ना? माग बघायला मिळेल का?"

माझं आजोळ येवल्याचं. आजोबा पैठणी विणायचे, हे मला ठाऊक होतं. पण आई लहानपणी शाळेतून आल्यावर कांड्या भरायची आणि लग्न होईपर्यंत स्वतः मागावर बसायची, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी त्या भाजीच्या ताटाशी कळलं.

गाईडबाईंनी नऊपैकी आठ ठिकाणं काढून टाकली. उरलं सपाट जमिनीवरचं सान्जूसान्गेन्दो. तिथे एका लांबच लांब लाकडी दालनात कान्नोन देवतेच्या 1001 मूर्ती उभ्या आहेत आणि त्यांच्यापुढे 28 रक्षकदेवता. त्यातल्या चोच आणि पंख असलेल्या, बासरी वाजवणाऱ्या मूर्तीपाशी आई थबकली. "हा गरुड दिसतो." गाईडबाई म्हणाल्या, "हो, आम्ही याला कारुरा म्हणतो." जेवायला युदोफू, म्हणजे कोंबू या समुद्री वनस्पतीच्या पाण्यात उकळलेलं टोफू. बरोबरच्या सॉसमध्येही मासा नसावा, हे त्यांनी आधीच फोन करून बघितलं होतं.

नंतर टॅक्सीने निशिजिनला गेलो. 1467 ते 1477 च्या यादवी युद्धात पश्चिमेकडच्या फौजेचा तळ तिथे होता. निशिजिन म्हणजे पश्चिमेचा तळ. युद्ध संपल्यावर विणकर तिथे येऊन बसले आणि त्यांच्या रेशमालाही तेच नाव पडलं. एका अरुंद घरात आमची वेळ ठरवलेली होती. गल्लीत मागाचा आवाज आला आणि गुडघे दुखणारी आई माझ्यापुढे चालू लागली.

आत एक वयस्क बाई 'त्सुझुरे' विणत होत्या. त्यांच्या बोटांची नखं कानशीने घासून करवतीसारखी दातेरी केलेली होती. त्या नखांनीच त्या बाण्याचे धागे ओढून घट्ट बसवत होत्या. रंग बदलला की कांडी बदलायची, नक्षीपुरतंच जायचं आणि परत फिरायचं. आई म्हणाली, "अगं, हे तर आपल्या पदरासारखंच!" नक्षी बारीक असली तर दिवसभरात जेमतेम काही सेंटिमीटर कापड होतं. आईने मान हलवली. तिला ते सांगावं लागलं नाही.

मग आईने मराठीत विचारलं, मी इंग्रजीत सांगितलं, गाईडबाईंनी जपानीत: "मुलं शिकली का हे?" त्या बाईंनी नकारार्थी मान हलवली. आई म्हणाली, "आमचीही नाही." हे वाक्य मीच इंग्रजीत सांगितलं.

कोपऱ्यात जॅकार्डचा माग होता. 1872 मध्ये क्योतोहून तिघे जण हे तंत्र शिकायला फ्रान्समधल्या लियाँला गेले. त्यांतला एक परतीच्या प्रवासात जहाज बुडून गेला. मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ होती. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. संगणकाची पंचकार्डं याच कल्पनेतून आली, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मी पाठ करून मार्क मिळवले होते. आईला समजावलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तू फार लांब नाही गेलीस."

संध्याकाळी कामो नदीच्या काठी बसलो होतो. आई एकदम म्हणाली, "आठवीत तुमची सहल पैठणला गेली होती. मी विचारलं होतं, माग बघितलात का? तू म्हणालीस, नाही, कारंजी बघितली." मला ते आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

सर, सहलीत तुमची काही चूक नव्हती. कारंजी छानच होती. पण पुढच्या महिन्यात आम्ही दोघी येवल्याला जाणार आहोत. कुठे थांबायचं, कोणाकडे जायचं, किती वेळ बसायचं, सगळं आई ठरवणार आहे. मी फक्त गाडी चालवणार.