नळातला दाब आणि पहाऱ्यावरचा माणूस



विषयाचे नाव वाचून कित्येकांच्या मनात घरीच राहावे असे आले असेल. तरी आपण आलात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो, ते बॉयलरच्या खात्यात आणि युनियनच्या कचेरीतल्या जुन्या पुस्तकांतून. तेव्हा फळ्यावर सूत्रे लिहिणार नाही. कुकरपासून आरंभ करतो.

कुकरच्या झाकणावर दोन वस्तू असतात. एक शिट्टी, वाफ वाढली की ती उचलली जाते. दुसरा बाजूचा लहानसा सेफ्टी व्हॉल्व्ह. शिट्टीच्या भोकात डाळीचे साल अडकले, तर तो उडतो आणि कुकर वाचतो. तो उपयोगी पडतो तो त्याचे भोक वेगळे आहे म्हणून. दोन्ही एकाच भोकावर बसवल्या असत्या, तर एका सालाने दोन्ही निकामी झाल्या असत्या. एवढे ध्यानात ठेवलेत, तर अर्धे व्याख्यान झालेच.

कारखान्यात बॉयलरची वाफ दहा किलोच्या दाबाची असेल, तर कापड सुकवण्याच्या सिलिंडरांना तीनचीच लागते. मध्ये रेग्युलेटर असतो. तो पुढच्या नळातला दाब एका बारीक नळीने चाखून पाहतो. दाब उतरला की उघडतो, चढला की मिटतो. पण आत गंजाची खपली अडकली, तर तो उघडाच राहतो, आणि दहाची वाफ तीनच्या सिलिंडरात शिरते. म्हणून रेग्युलेटरच्या पुढे सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, आणि तो एवढा मोठा हवा की रेग्युलेटर सताड उघडा राहिला तरी येणारी सगळी वाफ बाहेर टाकील. एका गिरणीत, नाव घेत नाही, तो आम्ही तारेने जखडलेला पाहिला. ‘‘वाफ फुकट जाते हो,’’ साहेब म्हणाले. दोन दिवस खाते बंद ठेवले, तेव्हा तार निघाली. त्या दोन दिवसांचा पगार आमच्या लोकांना मिळाला नाही, आणि त्याबद्दल घरोघरच्या बायकांची बोलणी आम्ही खाल्ली. त्यांचे काही चुकले नव्हते.

आता फार लांबच्या एका गावी जाऊ. अमेरिकेतले लॉरेन्स हे गाव आम्हा युनियनवाल्यांना १९१२ च्या गिरणी संपामुळे ठाऊक. कायद्याने आठवड्याचे तास ५६ चे ५४ झाले, मालकांनी त्या मानाने पगार कापला, आणि हजारो कामगार बाहेर पडले. त्याच लॉरेन्समध्ये आणि शेजारच्या अँडोव्हर व नॉर्थ अँडोव्हर या गावांत १३ सप्टेंबर २०१८ रोजी दुपारी चारच्या सुमारास घरांतल्या गॅसच्या शेगड्यांतून आणि बंबांतून ज्वाळा उसळल्या. १३१ इमारतींचे नुकसान झाले, २२ माणसे जखमी झाली. एका घराची चिमणी बाहेर उभ्या मोटारीवर कोसळली; आत बसलेला अठरा वर्षांचा मुलगा गेला.

घडले ते असे. कोलंबिया गॅस कंपनीचे काम चालले होते: बिडाचा जुना नळ काढून प्लॅस्टिकचा घालायचा. मुख्य नळात चौरस इंचाला ७५ पौंड दाब, घरांकडे जाणाऱ्यात अर्धा पौंड. जुना नळ तोडून बाजूला केला, पण रेग्युलेटरची दाब चाखणारी नळी त्या जुन्या नळातच राहिली होती. तिथला दाब उतरू लागला. रेग्युलेटरला वाटले, गॅस कमी पडतो आहे; तो उघडत गेला. पहिला फसला तर सांभाळायला दुसरा रेग्युलेटर होता, पण त्याचीही नळी त्याच मेलेल्या नळात! कोणतेही यंत्र बिघडले नव्हते. दोघांनी आपापले काम चोख केले. हवेत सोडणारा मोठा व्हॉल्व्ह असता, किंवा घरांकडच्या चालू नळाचा दाब स्वतंत्रपणे पाहून खटकन मिटणारा असता, तर ते घडते ना.

ओहायो राज्यातल्या नियंत्रण कक्षात इशारे वाजले. तिथल्या माणसाला दाब दिसत होता. बंद करण्याची कळ त्याच्या हाती नव्हती. जागेवर जाऊन गॅस बंद करीपर्यंत सुमारे अर्धा तास गेला.

पण आम्हाला खरी बोचली ती पुढची गोष्ट. केंद्राच्या चौकशी मंडळाला असे आढळले, की पूर्वी असे काम निघाले की कंपनी रेग्युलेटरपाशी एक तंत्रज्ञ उभा करी. त्याने दाबमापकावर नजर ठेवायची, काटा चढला की गॅस बंद करायचा. ही रीत काही वर्षांपूर्वी मोडली गेली होती. हिशेबाच्या वहीत तो माणूस रिकामाच उभा दिसला असणार. काटा चढला नाही, तर त्याला काम ते काय?

कंपनीने २०२० मध्ये गुन्हा कबूल केला, ५ कोटी ३० लाख डॉलर दंड झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत कायदा झाला. त्यात, दुरून गॅस बंद करण्याची सोय नसेल तिथे, काम चालू असेपर्यंत दाबावर नजर ठेवणारा आणि लगेच गॅस बंद करू शकणारा जाणता माणूस हजर हवा, असे लिहिले आहे.