चित्र पुरें केव्हां होतें?

सालवड, बोईसर, डहाणू या भागांतील वारली पाड्यांत लग्नप्रसंगीं सुवासिनी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. त्यांत काय असावें हें रूढीनें ठरलेलें असतें. म्हणून तो पुरा झाला कीं नाहीं, याविषयीं वाद उद्भवत नाहीं. व्यक्तिचित्रकारासहि समोरच्या मुखाशीं ताडून आपली रेषा सुधारतां येते. परंतु ज्या चित्रांत देव नाहीं, माणूस नाहीं, झाड नाहीं, त्यांतील चूक कोणत्या मापानें ओळखावी? अमूर्त चित्रापुढें उभा राहणारा सुशिक्षित प्रेक्षक येथेंच अडखळतो, आणि यांत श्रम ते कोणते, असें विचारतो.

वासुदेव गायतोंडे यांच्या कार्यपद्धतींत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. १९२४ सालीं नागपूर येथें जन्मलेल्या गायतोंड्यांनीं १९४८ सालीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली. आपल्या चित्रांस अमूर्त न म्हणतां वस्तुनिरपेक्ष म्हणावें, असें त्यांचें मत होतें. कुंचल्यापेक्षां रूळ आणि सुरी यांवर त्यांची भिस्त अधिक. रूळानें तैलरंगाचा पातळ थर पसरावा, कांहीं भाग सुरीनें खरडून काढावा, रंग लावलेले कागदाचे कपटे दाबून ठसे उमटवावे, आणि त्यांवर पुन्हां थर चढवावा, असा क्रम चाले. खालचा रंग वरच्यांतून अंधुक दिसत राही. म्हणजे खोडलेलें नाहींसें होत नसे. चित्राचा उजेड त्या खोडण्यांतूनच येई.

असें काम घाईचें नव्हे. वर्षाकाठीं अवघीं पांच-सहा चित्रें पुरीं होत. पुष्कळसा काळ नुसत्या पाहण्यांत जाई. १९८४ सालच्या अपघातानंतर मोठे पट हाताळणें कठीण झालें, तेव्हां ते कांहीं काळ लहान कागदांवर शाईनें काम करूं लागले. शाईची रेघ खरडून काढतां येत नाहीं. तेथें दुरुस्ती हात उचलण्यापूर्वीं मनांतच करावी लागते.

२००१ सालीं गायतोंडे निवर्तले. २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांच्या चित्रांचें जें प्रदर्शन भरविलें, त्याच्या नांवांतच चित्रण ही प्रक्रिया आहे आणि तेंच जीवनहि आहे, असा आशय होता.

वस्तुनिरपेक्ष चित्राचें माप बाहेर नसतें, म्हणून तें नसतेंच असें नव्हे. आणखी एक थर चढला तर खालचा उजेड विझेल, ही वेळ ओळखून हात आवरणें, हें तें माप होय. अशा चित्रापुढें प्रेक्षकानें यांत काय काढलें आहे, असें न विचारतां रंगाखालचा रंग शांतपणें पाहावा. चित्रकाराचे श्रम त्यास तेथें दिसतील.