जुनी बुलेट : क्लचचे आणि विजेचे दुखणे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षणप्रसार, वधूवरसूचन किंवा संतचरित्र यांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज जुन्या बुलेट मोटारसायकलीविषयी बोलणार आहे. आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांच्या पडवीत वडिलांनी किंवा चुलत्यांनी हौसेने घेतलेली बुलेट गोणपाटाखाली उभी असते. “क्लच गेला, वायरिंग गेले” असे कोणी सांगितले की ती भंगाराच्या भावाने निघते. माझे म्हणणे इतकेच की, या दोन्ही दुखण्यांचे मूळ पुष्कळदा अगदी क्षुल्लक जागी असते, आणि ते शोधण्याचा एक क्रम आहे. तो क्रम सोडून नवे भाग बसवीत सुटणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

ही गाडी मूळची इंग्लंडातील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीची. सीमेवरील गस्तीसाठी ती आपल्या लष्कराला पसंत पडली, आणि १९५५ साली मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. इंग्लंडातील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली. मद्रासची चालूच राहिली. तिकडे जुनी रचना कित्येक दशके फारशी बदलली नाही, म्हणूनच तिचे सुटे भाग आजही मिळतात. मी बोलतो आहे ते बिडाच्या सिलिंडरच्या आणि उजव्या पायाने गिअर टाकण्याच्या गाडीविषयी.

प्रथम क्लच घेऊ. सपाट रस्त्यावर हे दुखणे लपून राहते. कसारा घाट किंवा नांदुरीहून सप्तशृंगगडाचा चढ लागला, की मूठ पिळताच इंजिन गर्जते, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. दुसरी खूण किकची. या गाडीत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनास पोचतो. त्यामुळे क्लच घसरत असेल तर पाय सरळ खाली जातो आणि इंजिन जागचे हलत नाही. किकचे दाते झिजले असतील तर मात्र कटकट असा आवाज येतो. हा भेद आधी ओळखावा.

क्लच घसरतो म्हणून कोणी लगेच प्लेटा मागवू नयेत. आधी क्लचची वायर पाहावी. हँडलावरील दांडीला दोन-तीन मिलिमीटर ढील असलीच पाहिजे. क्लच उचलणारी लांब सळई गिअरबॉक्सच्या दांड्याच्या पोटातून जाते. ढील मुळीच नसेल तर ती सळई प्लेटांना सतत किंचित रेटीत राहते, प्लेटा पुरत्या बसत नाहीत, तापतात आणि झिजतात. वायरची ढील जुळत नसेल तर उजव्या बाजूच्या झाकणाखालील स्क्रू पाहावा. पुष्कळ गाड्या एवढ्यानेच बऱ्या होतात.

यानेही भागले नाही तर डावीकडील चेनकेस उघडावी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. या एकाच डब्यात प्राथमिक चेन, क्लच आणि वीज निर्माण करणारा अल्टरनेटर अशी तिघांची वस्ती आहे, आणि तिघेही एकाच तेलात राहतात. मोटारींसाठी निघणाऱ्या काही नव्या तेलांत घर्षण कमी करणारे द्रव्य असते. इंजिनास ते मानवते, क्लचला नाही. तेलाच्या डब्यावर ‘जेएएसओ एमए’ ही अक्षरे पाहूनच ते घ्यावे. प्लेटा गुळगुळीत चकाकत असतील, किंवा पोलादी प्लेटा निळसर पडून वाकल्या असतील, तर त्या बदलाव्यात. वाक पाहण्यास सपाट काचेचा तुकडा पुरतो. स्प्रिंगा बदलायच्या तर सर्व एकदम, आणि त्यांचे स्क्रू सारखे आवळावे. डबा उघडलाच आहे तर सैल झालेल्या चेनने अल्टरनेटरच्या तारा घासल्या आहेत काय, तेही पाहून घ्यावे. एका दुखण्यासाठी उघडलेल्या दारातून दुसऱ्याचे निदान फुकट होते.

आता वीज. बहुतेक जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या टोपावर अँपिअर दाखविणारा लहानसा काटा असतो. तो म्हणजे गाडीची नाडी. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी व दिवा लावावा. काटा वजा बाजूस झुकला पाहिजे. मुळीच न हलला तर बॅटरीची टोके, फ्यूज व अर्थची तार पाहावी. अर्थची तार जेथे सांगाड्यास जोडलेली असते तेथे गंज किंवा रंग साचला, तर बाकी सारे नवे घालूनही उपयोग नाही. इंजिन वेगात असतानाही काटा वजाकडेच राहिला, तर बॅटरी भरत नाही. दोष रेक्टिफायरमध्ये किंवा अल्टरनेटरच्या तारांत आहे. हँडल डावीउजवीकडे वळविताना दिवा लुकलुकला, तर हँडलाच्या मानेपाशी तार सोललेली आहे. भोंगा वाजतो, दिवा लागतो, पण ठिणगी नाही, तेव्हा पॉइंट पाहावेत. त्यांतील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. ती ठीक असूनही पॉइंटवर ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर संशयित. एक लहान बल्ब व दोन तारा एवढ्या सामग्रीवर यातील निम्मी परीक्षा घरी होते. जुन्या गाडीला सहा व्होल्टचा बल्ब लागतो, नंतरच्या गाडीला बारा व्होल्टचा.

फ्यूज उडाल्यावर सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून काम भागविण्याची वाईट खोड आहे. तारा तापतात, आणि वर पेट्रोलची टाकी असते. इगतपुरीच्या पावसात, रात्री, घाटाच्या वळणावर दिवा एकाएकी विझणे कसे असते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांस अधिक सांगावे लागत नाही.

हात काळे करणे आपल्यात अजूनही कमीपणाचे मानतात, हे मला मुळीच पटत नाही. गॅरेज चालविणाऱ्या मुलाच्या स्थळाकडे नाक मुरडणारी मंडळी स्वतःची गाडी मात्र त्याच्याच दारी लोटीत नेतात. असो. मंडळाची शिष्यवृत्ती आय.टी.आय.तील मोटार मेकॅनिकच्या मुलांनाही मिळावी, अशी लेखी सूचना मी कार्यकारिणीकडे दिलीच आहे.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी दिवसा, गावातच करावी. मग काटा पुन्हा पाहावा, क्लचची ढील पुन्हा मोजावी. नव्या प्लेटा बसल्या की ती थोडी बदलते. त्यानंतर नांदुरीचा चढ.