वॉर्सातील पहिला दिवस



वॉर्सा शहरी आम्ही एकटेच उतरलो. भाषा येत नव्हती, ओळखीचे कोणी नव्हते. सकाळीच जुन्या पेठेच्या चौकात गेलो. ती उंच, रंगीत घरे पाहून मनाशी म्हटले, 'तीनशे वर्षे कशी जपली असतील!'

दुपारी चौकातल्याच संग्रहालयात शिरलो आणि खजील झालो. 1944 च्या उठावानंतर जर्मनांनी हे शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले होते. जुन्या पेठेचा 85 टक्क्यांहून अधिक भाग ढिगारा झाला होता. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी काढलेले नकाशे आणि अठराव्या शतकातील चित्रकार बेलोत्तो यांची चित्रे समोर ठेवून लोकांनी ती पुन्हा बांधली. 1980 साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले.

मग ही पेठ जुनी म्हणावी की नवी? त्या संध्याकाळी आम्हाला कोल्हापूरजवळचे वळिवडे आठवले. 1943 ते 1948 या काळात हजारो पोलिश निर्वासित तेथे राहिले. तेथेही त्यांनी आपल्या शाळा, आपले चर्च उभे केले.

श्रोतेहो, उद्या आपली गल्ली ढासळली, तर तिच्यातले एक घर तरी आपल्याला आठवणीने रेखाटता येईल काय?