सहाव्या क्रमांकापासून तिसऱ्या क्रमांकापर्यंत



यशाविषयी बोलताना उदाहरणे दूरची देण्याचा प्रघात आहे. सातासमुद्रापलीकडील धावपटू, मुष्टियोद्धे आणि जलतरणपटू यांची चरित्रे आपल्या तरुणांना तोंडपाठ असतात. कराडकरांना मात्र या विषयासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. शहराच्या अगदी शेजारी असलेल्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी एका शेतकरी मल्लाच्या घरी जन्मलेल्या खाशाबा दादासाहेब जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये मिळविलेले ते पहिले वैयक्तिक पदक. त्यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे लिएंडर पेस यांच्या अटलांटा येथील कांस्यपदकापर्यंत, चव्वेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली.

ही माहिती कराडच्या शाळकरी मुलालाही असते. परंतु खाशाबांच्या आयुष्यातून काही शिकायचे असेल, तर हेलसिंकीच्या आधी त्यांची लंडनवारी पाहावी लागेल. तेथे ते हरले होते.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलो वजनात उतरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा भार उचलला होता. तेथे त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील मल्लांना हरविले, इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून हार पत्करली आणि सहाव्या क्रमांकावर स्पर्धा संपविली. बावीस वर्षांच्या खेड्यातील मुलाने जगात सहावे यावे, हे त्या काळी थोडे नव्हते. एवढ्या बळावर गावोगावच्या फडांत फेटे बांधून घेत उरलेले आयुष्य सहज गेले असते, आणि कोणी त्यांना बोलही लावला नसता.

त्या सहाव्या क्रमांकात काय दडले होते, हे समजण्यासाठी कुस्तीच्या दोन प्रकारांतील अंतर ध्यानात घ्यावे लागते. आपली कुस्ती तांबड्या मातीची. हौद्यात उतरलेला मल्ल अनवाणी असतो. पायाच्या बोटांनी माती धरतो. अंगाला माती चोळल्याने हाताची पकड घट्ट बसते. प्रतिस्पर्ध्याला चितपट करून अस्मान दाखविले की कुस्ती निकाली. मग त्याला पाच मिनिटे लागोत वा पाऊण तास, प्रेक्षक बसून राहतात. मॅटवर सारेच बदलते. पायात बूट असतात, खाली गादी असते, घड्याळ चालू असते, आणि पंच प्रत्येक पकडीचा हिशेब मांडीत असतात. मातीतला मल्ल दम राखून एका निर्णायक डावाची वाट पाहतो. मॅटवर तो वाट पाहत असताना प्रतिस्पर्धी लहान लहान डावांनी पुढे निघून गेलेला असतो. ‘ढाक’ हा खाशाबांचा हुकमी डाव होता. पण एका हुकमी डावावर मातीतील मैदान मारता येते, जागतिक स्पर्धा मारता येत नाही.

पराभूत माणसासमोर अशा वेळी दोन उत्तरे हजर असतात. पहिले असे की खेळच परका होता, पंच परके होते, सराव मिळाला नाही. यातले बरेचसे खरेही असते, आणि म्हणूनच ते घातक असते. खोट्या सबबीपेक्षा खरी सबब माणसाला अधिक काळ जागच्या जागी बसवून ठेवते. दुसरे उत्तर हे की खेळ परका आहे, तर तो आपला करून घ्यावा. खाशाबांनी दुसरे उत्तर निवडले. पुढील चार वर्षे त्यांनी मेहनत वाढविली, निरनिराळे डाव बसविले, वजनाचा गटही बदलला आणि ५७ किलोच्या बँटमवेट गटात ते आले. पराभवाने ‘तू कमी आहेस’ असे सांगितले होते, असे त्यांनी मानले नाही. ‘तुला अमुक एक गोष्ट येत नाही’ असे सांगितले आहे, असे मानले. या दोन वाक्यांतील फरक शाळेतून नापासाची गुणपत्रिका घेऊन घरी आलेल्या मुलाच्या आईवडिलांनी जरूर लक्षात घ्यावा. पहिले वाक्य ऐकलेला मुलगा खचतो. दुसरे ऐकलेला पुस्तक उघडण्याची शक्यता तरी असते.

व्यक्तिमत्त्व विकासाची जी पुस्तके एस. टी. स्थानकांच्या विक्री-केंद्रांतही मिळतात, त्यांत यशाची सात, दहा, कधी एकवीस सूत्रे दिलेली असतात. आत्मविश्वास बाळगा, मोठी स्वप्ने पाहा, हार मानू नका. सूत्रे चुकीची नाहीत. परंतु हेलसिंकीत उतरलेल्या प्रत्येक मल्लाजवळ आत्मविश्वास होता आणि स्वप्नही होते. तरी एका गटात पदके तीनच. इच्छाशक्तीने सर्व काही साधते असे तरुणांना सांगणे म्हणजे जे हरले त्यांची इच्छाच दुबळी होती, असे अप्रत्यक्षपणे म्हणणे होय. ते सत्य नाही आणि न्याय्यही नाही.

१९५२ च्या निवडीचा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाला, अशी खाशाबांची भावना होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि निरंजन दास यांच्याशी पुन्हा लढत मिळविली. ती त्यांनी जिंकली. येथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्यांनी मागितली ती केवळ कुस्ती. पदक वा जागा मागितली नाही. अन्यायाची तक्रार करणे कमीपणाचे नाही. मात्र तक्रारीच्या शेवटी आपण स्वतः मैदानात उतरण्यास तयार आहोत की नाही, यावर तिचे वजन ठरते.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडाचे ॲड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचे लिओनार्डो बासुर्टो यांच्यासारख्या मल्लांवर विजय मिळविला. जपानच्या शोहाची इशिई यांच्याशी झालेली झुंज दीर्घ व दमवणारी ठरली आणि थोडक्यात हातची गेली. हे इशिई मूळचे ज्युदोपटू. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंधने आली, तेव्हा ते कुस्तीकडे वळले. त्यांनीच पुढे सुवर्णपदक जिंकले, आणि त्या स्पर्धेतील जपानचे ते एकमेव सुवर्ण होते. म्हणजे मातीतून मॅटवर आलेल्या खाशाबांना हरविणाराही एका विद्येतून दुसऱ्या विद्येत आलेलाच होता. त्या झुंजीनंतर लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढण्यास त्यांना सांगण्यात आले, असे म्हणतात. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळावयास हवी होती. पण ती मागण्यासाठी भारतीय पथकातील कोणी अधिकारी जवळ नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. विश्रांती मिळाली असती तर काय झाले असते, याची चर्चा पारावर सात दशके चालली आहे. त्या चर्चेपेक्षा अधिक उपयोगाचा प्रश्न असा की कसलेला मल्ल मॅटवर असताना नियमांचे पुस्तक कोणाच्या हाती असावे? गुणवंताच्या पाठीशी जाणकार माणूस उभा नसला तर काय होते, त्याचे उत्तर २३ जुलै १९५२ या दिवसाने दिले आहे. आपल्या घरातील हुशार मुलगी पुण्या-मुंबईस शिकावयास जाते, तेव्हा तिला शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचे नियम, अंतिम तारखा यांची माहिती देणारा कोणी आहे काय, हे पाहणे म्हणजेच त्या अर्ध्या तासाची सोय करणे होय.

त्याच हेलसिंकीत ६२ किलो गटात कोल्हापूरकडील केशव माणगावे यांनी चौथा क्रमांक मिळविला. हे नाव आज किती जणांना आठवते? तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात मेहनतीचे अंतर फारसे नसते. कीर्तीचे अंतर मात्र आकाश-पाताळाचे. खेळापासून जीवनाचे धडे घेताना येथे सावध राहावे. खेळात पायऱ्या तीनच असतात, कारण खेळाला त्या तशाच हव्या असतात. घर, दुकान, शेत, शाळा यांना तसली उतरंड नसते. ज्या घरात दोन भावंडांपैकी एकाला सुवर्ण आणि दुसऱ्याला काहीच नाही असा हिशेब मांडला जातो, तेथे क्रीडावृत्ती आलेली नसते. केवळ गुणफलक आलेला असतो.

आपल्या परिसराने नंतरच्या काळातही अशी माणसे दिली. महामार्गाने कराडहून कोल्हापूरकडे निघाले की पेठ नाका लागतो. त्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे शरीर कमरेखाली लुळे पडले. मुष्टियुद्ध संपले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक पटकाविले. पद्मश्री त्यांना २०१८ साली मिळाली, शेहेचाळीस वर्षांनी. माणदेशातील मोही गावच्या ललिता बाबर लांब पल्ल्याच्या धावपटू. मॅरेथॉनमध्ये नाव कमावल्यावर त्या ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळल्या आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचून दहाव्या आल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे नेमबाज स्वप्नील कुसाळे २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत आघाडीवर होते. एक गोळी बिघडली आणि ते चौथे ठरले. पुढल्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसमध्ये त्यांनी कांस्यपदक घेतले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बहात्तर वर्षांनी आलेले.

या सर्वांची चिकाटी खरीच. पण तिच्या बरोबरीने दुसरी एक गोष्ट आढळते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. जे हातचे गेले त्याला कवटाळून त्यांपैकी कोणी बसले नाही. पेटकरांनी ठोसे मागितले नाहीत, पाणी स्वीकारले. चिकाटी म्हणजे तीच भिंत पुन्हा पुन्हा धडकणे नव्हे. दार कोठे आहे ते शोधीत राहणे, हाही चिकाटीचाच प्रकार. व्यापारात दोन पिढ्या चाललेला धंदा मंदावल्यावर त्याच गल्ल्यावर हटून बसलेले आणि वेळीच नवी विद्या शिकून घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक आपल्या बाजारपेठेने पाहिले आहेत.

आता पैशाविषयी. क्रीडाविषयक भाषणांत हा भाग बहुधा गाळला जातो, कारण तो प्रेरणादायी वाटत नाही. हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबांजवळ पैसे नव्हते. गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी आणि कराडच्या दुकानदारांनी वर्गणी काढली. तरीही रक्कम पुरेना. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हे तेच प्राचार्य, ज्यांनी पूर्वी, लहान चण पाहून नाकारल्या गेलेल्या या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या स्पर्धेत उतरू दिले होते, असे सांगतात. १९५२ चे सात हजार म्हणजे केवढी रक्कम, याची कल्पना ज्येष्ठांना असेल. पदक मिळेल अशी खात्री तेव्हा कोणालाच नव्हती. लंडनमध्ये सहाव्या आलेल्या, सव्वीस वर्षांच्या एका मल्लावर एका शिक्षकाने आपले छप्पर लावले. ‘स्वकर्तृत्वाने मोठा झालेला’ हा शब्दप्रयोग या गोष्टीपुढे जरा अवघडून उभा राहतो.

भारताच्या हॉकी संघाने खाशाबांच्या पदकाच्या दुसऱ्याच दिवशी सुवर्णपदक जिंकले, आणि देशाचे लक्ष साहजिकच तिकडे लागले. खाशाबांना राज्याचा शिवछत्रपती आणि केंद्राचा अर्जुन हे दोन्ही पुरस्कार मरणोत्तर मिळाले. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता-अपघातात गेले. कराडने मात्र उशीर केला नाही. पदक घेऊन ते परतले तेव्हा शंभरहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ढोल-ताशे वाजले, वर्गणी देणारे सारे रस्त्यावर उतरले.

गुलाल उतरल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली. ऑलिंपिक पदकाचा मानकरी पुन्हा तांबड्या मातीत उतरला आणि एकामागून एक कुस्त्या जिंकीत गेला. त्या मैदानांतून जमलेली रक्कम त्यांनी प्राचार्य खर्डेकरांच्या हाती नेऊन दिली, आणि घर गहाणातून सुटले.