फोटो सापडावा, घरटं सापडू नये

(दक्षिण कॅलिफोर्नियातील मराठी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आय-१५ महामार्गाला लागून लेक एल्सिनोर नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारच्या वॉकर कॅन्यनचे उतार मार्च २०१९ मध्ये केशरी पॉपींनी भरून गेले होते. तुमच्यापैकी काही जण तेव्हा तिथे गेलेही असतील. त्या फुलांचे फोटो इन्स्टाग्रामवर पसरले, फोटोंवर जागेचं नाव होतं, आणि बघता बघता महामार्ग तुंबला. लोक पायवाट सोडून फुलांत शिरले, फुलांवर आडवे झाले, कारण आधीच्या फोटोंत त्यांनी तेच पाहिलं होतं. शेवटी शहराला रस्ता बंद करावा लागला. २०२३ मध्ये पुन्हा भरपूर पाऊस झाला, तेव्हा शहराने बहराची वाटच पाहिली नाही. कॅन्यन आधीच बंद केली.

आमच्या साताऱ्याजवळचं कास पठार याच वाटेने गेलं आहे. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यावर तेरडा, गेंद, सीतेची आसवं, आणि सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात कास होतं. त्याच सुमारास मोबाइलमधला कॅमेरा घरोघरी पोचला. आता हंगामात तिथे जायचं तर ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि दिवसाला ठरावीक लोकांनाच आत सोडतात. ती मातीच इतकी पातळ आहे की तुडवली गेली की पुन्हा सैल व्हायला फार काळ जातो.

मंडळाने मला विषय दिला आहे तो असा: निसर्गाचे फोटो काढणाऱ्याने समाजमाध्यमं आणि सर्च इंजिन कशी वापरावीत? मी सह्याद्रीत आणि कोकणात पक्ष्यांचे फोटो काढतो. ते लोकांपर्यंत पोचावेत, त्यातून कुणाला पक्ष्यांची गोडी लागावी, जमल्यास चार पैसेही मिळावेत, असं मला वाटतं. पण माझं सगळं म्हणणं एका अटीवर उभं आहे. शोधणाऱ्याला फोटो सापडला पाहिजे, त्या पक्ष्याचं नाव आणि त्याची हकीकत सापडली पाहिजे, त्याचं घर मात्र सापडता कामा नये.

आधी सापडण्याचं बोलू. सर्च इंजिनला फोटो कळतो तो मुख्यतः त्याच्या भोवतीच्या शब्दांवरून. आता यंत्रांना चित्रातला पक्षी बराच ओळखता येतो हे खरं. पण तो पक्षी त्या क्षणी काय करत होता, कोणत्या ऋतूत, कसल्या रानात, हे तुम्ही लिहिल्याशिवाय कुणालाच कळत नाही. कॅमेऱ्यातून फाइल येते ती तीन-चार अक्षरं आणि पुढे आकडे अशा नावाने. बहुतेक लोक ती तशीच चढवतात, वर 'नेचर लव्ह' असं काहीतरी लिहितात आणि खाली तीस हॅशटॅग लावतात. असा फोटो दोन दिवस लोकांच्या बोटाखालून सरकतो आणि नंतर कुणालाही मिळत नाही.

त्याऐवजी फाइलच्या नावात पक्ष्याचं नाव घाला. वेबसाइटवर प्रत्येक फोटोला आल्ट टेक्स्टची जागा असते. ती मुळात ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आहे, त्यांचा स्क्रीन रीडर तो मजकूर वाचून दाखवतो. तेव्हा ज्याला दिसत नाही अशा माणसाला सांगावा तसाच तो लिहा. 'सुंदर पक्षी' यातून त्याला काहीच मिळत नाही. 'पावसात ओल्या फांदीवर बसलेला तिबोटी खंड्या, चोचीत लहान खेकडा' यातून चित्र उभं राहतं, आणि नेमकं तेच सर्च इंजिनलाही उपयोगी पडतं. एका पक्ष्याला एक पान द्या, त्यावर दोन परिच्छेद स्वतःच्या निरीक्षणाचे लिहा. तेच नाव वीस वेळा घुसडून काही साधत नाही, वाचणारा मात्र पळून जातो.

आपली माणसं तीन तऱ्हांनी शोधतात. कुणी देवनागरीत 'खंड्या' लिहितं, कुणी तेच रोमन अक्षरांत, कुणी इंग्रजी नावाने. तिन्ही नावं आणि शास्त्रीय नाव मजकुरात ओघाने येऊ द्या. इंग्रजीत त्या पक्ष्यावर हजारो पानं आहेत, तिथे तुमचं पान वर यायला कष्ट पडतील. मराठीत अजून मोकळं रान आहे. मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोश' लिहून पाखरांची मराठी नावं आपल्या हाती दिली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. हळद्या, नवरंग, तांबट, शीळकरी कस्तुर, स्वर्गीय नर्तक ही नावं कोशात सुखरूप आहेत, पण पुण्यातली शाळकरी मुलगी आज कोश उघडत नाही, मोबाइल उघडते. तिथे तिला खरा फोटो आणि खरी माहिती मिळाली पाहिजे. 'मोराचं पिल्लू' शोधलं तर आता यंत्राने बनवलेली निळीशार, पिसारा फुलवलेली पिल्लं दिसतात. खरं पिल्लू मातकट तपकिरी असतं. ज्याने ते डोळ्यांनी पाहिलंय त्याने फोटोसह लिहिलं नाही, तर खोटंच खरं ठरेल.

आता अटीकडे येतो. तिबोटी खंड्याचं उदाहरण घेतो, कारण या पक्ष्याची चाललेली परवड मला बघवत नाही. मुठीत मावेल एवढा, जांभळा, केशरी, पिवळा, निळा असा सगळा रंग अंगावर घेऊन हा पक्षी पावसाच्या तोंडावर कोकणातल्या ओढ्याकाठी येतो. मातीच्या दरडीत बोगदा खणून आत अंडी घालतो. पिल्लं झाली की नर-मादी दोघं दिवसभर पाली, खेकडे, बेडक्या आणून भरवतात. जूनमध्ये एका फोटोग्राफरला घरटं कळतं, तो फोटो टाकतो, आणि खाली लगेच प्रश्नांची रांग लागते, 'लोकेशन?' पुढच्या रविवारी त्या दरडीसमोर दहा ट्रायपॉड असतात. फोटो सोयीचा यावा म्हणून कुणी बोगद्यासमोर फांदी रोवतं, कुणी आजूबाजूचं गवत कापतं. गवत गेलं की मुंगसाला आणि सापालाही वाट मोकळी होते. चोचीत पाल धरून फांदीवर बसलेल्या खंड्याचे जे देखणे फोटो तुम्ही पाहता, त्यातल्या कितीतरी फोटोंत तो पक्षी समोरच्या माणसांना घाबरून थांबलेला असतो. आत पिल्लं भुकेली असतात. अशा फोटोला लाइक देऊ नका, एवढी माझी तुम्हाला विनंती आहे. अनेक स्पर्धांनी घरट्यावरचे फोटो घेणं बंद केलं आहे ते याच कारणाने.

मग तिबोटी खंड्याचा फोटो टाकायचाच नाही का? टाकायचा. ओढ्यावर, घरट्यापासून लांब मिळालेला टाकायचा, आणि हंगाम संपल्यावर टाकायचा. इथे सर्च आणि समाजमाध्यम यांतला फरक आपल्या कामाला येतो. इन्स्टाग्राम आणि फेसबुक यांना आजचं, आत्ताचं हवं असतं. सर्च इंजिनला अशी घाई नसते. पक्ष्याची माहिती देणारं चांगलं पान वर्षानुवर्षं सापडत राहतं. जुलैचा फोटो तुम्ही नोव्हेंबरमध्ये पानावर लावलात तर शोधात त्याचं काहीही बिघडत नाही, आणि तोवर पिल्लं उडून गेलेली असतात. म्हणून निसर्गाचे फोटो काढणाऱ्याने कष्टांचा मोठा वाटा स्वतःच्या वेबसाइटला द्यावा आणि समाजमाध्यमांचा उपयोग लोकांना त्या पानाकडे आणण्यापुरता करावा, असं माझं ठाम मत आहे.

मोबाइलने काढलेल्या फोटोत, लोकेशन चालू असेल तर, अक्षांश-रेखांश आपोआप लिहिले जातात. काही कॅमेऱ्यांतही जीपीएस असतं. स्वतःच्या वेबसाइटवर फाइल चढवताना ती माहिती काढून टाका. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये निर्यात करताना त्यासाठी एक खूण असते. ठिकाण लिहायचं तर जिल्हा लिहा, 'उत्तर कोकण' लिहा. भिगवणचे रोहित किंवा ठाण्याच्या खाडीतले रोहित यांचं ठिकाण सगळ्या जगाला माहीत आहे, ते लपवून काही मिळत नाही. उलट भिगवणला नावाड्यांची त्यावर रोजी चालते. तिथे सांगायचं ते वेगळं: उडत्या थव्याच्या फोटोसाठी नाव थव्यात घालायला लावू नका.

पण ठिकाण जगापासून लपवणं वेगळं आणि ठिकाणाची नोंदच न ठेवणं वेगळं. याची सगळ्यात मोठी साक्ष आमच्या खानदेशात आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणालाच खात्रीने दिसलं नव्हतं. संग्रहालयांत थोडे नमुने होते. त्यांतला एक रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ मध्ये गुजरातेत मिळवला असं चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिलं की तो नमुना चोरलेला होता आणि चिठ्ठी खोटी होती. खोटी चिठ्ठी बाजूला सारून, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं हाती धरून त्या आणि त्यांचे सहकारी निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात, दिवसाउजेडी, रानपिंगळा समोर बसलेला मिळाला. एकशे तेरा वर्षांनी.

म्हणून गर्दी टाळायला मुद्दाम चुकीचं ठिकाण लिहिण्याची जी पद्धत काही फोटोग्राफरांत आहे, ती मला अजिबात मान्य नाही. ठिकाण मोघम लिहा, खोटं लिहू नका. नेमकी जागा, तारीख, वेळ आपल्या वहीत आणि ई-बर्डवर नोंदवा. ई-बर्ड ही कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेली नोंदवही आहे. संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा ती सर्वांना दाखवत नाही, अभ्यासकांसाठी मात्र ती जपून राहते. आय-नॅचरलिस्टवरही धोक्यातल्या प्रजातींचा बिंदू नकाशावर आपोआप धूसर होतो.

काही जागा अशा आहेत की आपण गप्प बसलो तरी लोक जाणारच. भंडारदऱ्याचे काजवे घ्या. मेच्या अखेरीस लोक 'काजवे कुठे बघायचे' असं शोधू लागतात, आणि वर येतात ती सहलीची पॅकेजं. काजव्याचा प्रकाश हा नर-मादीने एकमेकांना घातलेली साद असतो. गाड्यांच्या दिव्यांत आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये ती साद बुडून जाते. मग त्या प्रश्नाचं उत्तर देणारं पान आपणच का लिहू नये? एप्रिलमध्येच लिहावं, म्हणजे सर्च इंजिनला ते सापडून नोंदायला वेळ मिळतो. त्यात फोटो द्यावा, काजव्याचं आयुष्य सांगावं, टॉर्च बंद ठेवा, बरणीत काजवे भरू नका, वन विभागाने आखलेल्या वाटेबाहेर जाऊ नका, हे लिहावं. उत्तराची ती जागा रिकामी राहत नाही. आपण ती भरली नाही तर दुसरं कुणीतरी भरतं.

समाजमाध्यमांनी भलंही केलं आहे, तेही सांगायला हवं. २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी घेरलं. तो व्हिडिओ पसरला नसता तर ही गोष्ट जंगलातच राहिली असती. तो पसरला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा कॅमेरा साक्षीदारही होऊ शकतो. अशा वेळी तारीख आणि वेळ फाइलमध्ये शाबूत असणं किती मोलाचं ठरतं, हे वेगळं सांगायला नको.

हक्कांचं थोडक्यात सांगतो. फाइलच्या आत आयपीटीसी नावाचे रकाने असतात. त्यांत तुमचं नाव, हक्काची ओळ आणि परवान्याच्या पानाचा पत्ता भरा. गुगलच्या चित्रशोधात २०१८ पासून छायाचित्रकाराचं नाव दिसू शकतं आणि २०२० पासून परवान्याची खूणही दिसते, ती या रकान्यांवरून. समाजमाध्यमांवर फोटो चढवला की हे रकाने बहुतेक पुसले जातात. मूळ फोटो स्वतःच्या वेबसाइटवर ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

तुम्ही इथे राहून काय करू शकता, असं मला चहाच्या वेळी काहींनी विचारलं. तुमच्या इथे मोकळ्या माळावर, खारींनी खणलेल्या बिळांत राहणारं एक छोटं घुबड आहे. ते आमच्या रानपिंगळ्याच्याच कुळातलं, एकाच प्रजातीसमूहातलं. दिवसा बिळाच्या तोंडाशी बसतं, त्यामुळे फोटोग्राफरांच्या गराड्यात सहज सापडतं. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला संरक्षित यादीसाठी उमेदवार ठरवलं. त्याच्याबद्दल मराठीत लिहा. विकिमीडिया कॉमन्सवर फोटोखाली मराठीतून मथळा लिहिण्याची सोय २०१९ पासून आहे. भारतातल्या पाखरांच्या असंख्य फोटोंखाली ती जागा कोरी आहे. रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांना घेऊन बसा. एकाने फोटो बघून पक्षी ओळखायचा, दुसऱ्याने कोशातून नाव शोधायचं, तिसऱ्याने पक्षी काय करतोय ते एका ओळीत लिहायचं. तुमचे स्वतःचे फोटो तिथे देणार असाल तर चढवण्याआधी अक्षांश-रेखांश काढून टाका आणि बिळाच्या तोंडाचा फोटो देऊ नका. आजीने अंगणात बघितलेला तांबट आणि नातवंडाने इथे बघितलेलं घुबड, दोघांची मराठी नावं शोधणाऱ्याला शेजारी शेजारी मिळतील.

आता तुमचे प्रश्न घेतो. लॅपटॉप सोबत आहे, कुणाला स्वतःच्या फोटोचे आयपीटीसी रकाने आत्ताच भरून बघायचे असतील तर पुढे या.